दादा, तुमचं कोटेशन कामाला आलं

दादा,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घेणार का" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, वहिनी वाचून दाखवतीलच.

बाकीच्यांसाठी सांगते, दादा आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमधे पहिल्या मजल्यावर राहतात, वागळे इस्टेटला त्यांचा गाळा आहे, इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर, म्हणजे सोसायट्यांची मीटर पॅनल, छोट्या कारखान्यांचं वायरिंग, बिल्डरची कामं असलं सगळं. आणि मी डेटाबेसवाली, ऐरोलीला एका आयटी कंपनीत बारा-चौदा वर्षं काढली, रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर. २०२४ मधे, म्हणजे मधलं दिघा गाव स्टेशन सुरू झालं त्याच वर्षी, ती नोकरी सोडली आणि स्वतःची कामं घ्यायला लागले. कंपन्यांचे जुने ओरॅकल डेटाबेस पोस्टग्रेस नावाच्या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर हलवून द्यायचे, हे माझं काम. आता लोक विचारतात कुणी गाइड केलं, कुठला कोर्स केलास वगैरे, आणि मी आमच्या इलेक्ट्रिकलवाल्या दादांनी शिकवलं म्हटलं की समोरच्याला वाटतं मी मस्करी करतेय.

हिंमत देणारे बरेच भेटले हो. फेअरवेलला सगळेच "तू करशीलच" म्हणाले, लिंक्डइनवर तर अंगठ्यांचा नुसता पाऊस. हिशोब मात्र तुम्ही एकट्यानेच घालून दिलात.

तो रेटचा हिशोब मला अजून तोंडपाठ आहे. मी तुमच्या गाळ्यात बसून सांगत होते, समजा वर्षाचं पॅकेज २४ लाख, म्हणजे महिन्याला २ लाख, महिन्यात कामाचे दिवस २२, म्हणजे दिवसाला नऊ हजार आणि वर थोडे, आयटीतले सगळे असंच काढतात. तुम्ही एका जुन्या डिलिव्हरी चलनाची मागची बाजू घेतलीत आणि वर ३६५ लिहिलंत. शनिवार-रविवार १०४ गेले. सणवार १२. गावाला जाशील, १५. आजारपण, पोरीच्या शाळेचं काहीतरी, ६. राहिले २२८. मला वाटलं झालं, तर तुम्ही पेन तसंच धरून विचारलंत, "कोटेशन द्यायला, मीटिंगला, बिलामागे फिरायला जे दिवस जातील ते कोण भरणार? आणि एक काम संपून दुसरं लागेपर्यंत?" त्याचे ४८ कापलेत. उरले १८०. मग मेडिक्लेम, लॅपटॉप, सीएची फी, कंपनी जे जे गुपचूप भरत होती ते सगळं धरून २४ चे २७ लाख केलेत आणि १८० ने भागलेत. बरोब्बर पंधरा हजार. मी म्हटलं एवढे कोण देणार मला, तर तुम्ही म्हणालात, "नऊने घेतलंस तर ती नोकरीच झाली की, फक्त पगारी सुट्टी नाही."

कुठल्याच वेबिनारमधे मला हे असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि वेबिनार मी बरेच पैसे भरून बघितलेत.

घरचं पण तुम्हीच सांभाळलंत. आमचे आप्पा म्हणजे सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, पेन्शनवाले, त्यांना सून परमनंट नोकरी सोडते म्हणजे काहीतरी बिनसलंय असंच वाटत होतं, आठवडाभर जेवताना एक शब्द नाही. तुम्ही गणपतीच्या वर्गणीचं निमित्त काढून वर आलात आणि सहज बोलल्यासारखं म्हणालात, "आप्पा, तिची नोकरी तरी कुठे परमनंट, तीन महिन्यांच्या नोटिशीवरच आहे ना." त्यावर आप्पा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मला विचारलं की पीएफचं काय करणार. काढणार नाही, तसाच ठेवणार म्हटल्यावर जरा निवळले.

मेडिक्लेमचं मात्र तुम्ही बोलला नसतात तर माझ्या डोक्यातच नव्हतं. आप्पांना शुगर, आणि ते कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत. नोकरी सुटली की ते कव्हर सुटतं, आणि नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना वेटिंग, आता ते जास्तीत जास्त तीन वर्षांचं केलंय पण तीन वर्षं म्हणजे आप्पांच्या वयाला कमी नाहीत. तुम्ही म्हणालात राजीनामा टाकायच्या आधी विमावाल्याशी बोल. ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, ते नोटीस पिरियडमधेच करून घेतलं, प्रीमियम बघून डोळे पांढरे झाले पण झालं. होमलोनचं पण तसंच. पगाराच्या स्लिपा हातात आहेत तोवर जे कर्ज घ्यायचं ते घे, नंतर बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागत बसेल, तुम्हाला स्वतःला टेम्पोच्या लोनला काय काय नाचवलं ते ऐकलेलंच होतं.

आणि ते अ‍ॅग्रीमेंट! पहिल्या क्लायंटचं अ‍ॅग्रीमेंट आलं, चांगली वीसेक पानं, मी पेमेंटचं कलम बघून सही करायच्या बेतात होते. तुम्ही चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत, इंग्रजी अडलं की मला विचारत, अर्धी दुपार घातलीत. आणि एकच विचारलंत, "ह्यात काम संपलं हे कोण ठरवणार?" त्यात लिहिलं होतं क्लायंटचं समाधान होईपर्यंत. तुम्ही म्हणालात, "बिलाला समाधानाची अट घातली तर बिल जन्मात निघायचं नाही. मी पॅनल लावतो, मेगर लावून इन्सुलेशनचं रीडिंग देतो, रीडिंग आलं, सही झाली, संपलं. तुझं मेगर काय?"

माझं मेगर काय, यावर मी दोन दिवस विचार केला. मग त्या कलमाच्या जागी लिहून पाठवलं, प्रत्येक टेबलातल्या नोंदींची संख्या दोन्हीकडे जुळली पाहिजे, ठरलेले महिनाअखेरचे रिपोर्ट जुन्या आणि नव्या डेटाबेसवर चालवून आकडे सारखे आले पाहिजेत, आणि हे दाखवल्यावर सात कामाच्या दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असं धरायचं. शिवाय नुकसानभरपाईला मर्यादा, माझ्या फीपेक्षा जास्त नाही, नाहीतर त्यांच्या लीगलने लिहिलेलं वाचलं तर घर विकूनही फिटलं नसतं. मला वाटलं क्लायंट चिडणार, काम जाणार. त्यांच्या प्रोजेक्ट मॅनेजरने उलट तेच कलम त्यांच्या दुसऱ्या व्हेंडरच्या कागदात टाकलं म्हणे. आता प्रत्येक कामात ते असतं आणि मी त्याला मनातल्या मनात मेगर कलमच म्हणते.

टॅक्सचं फार लांबण लावत नाही, ते सीएने बघितलं. तरी तुमची एक गोष्ट लागू पडली, जीएसटीचे १८ टक्के आपले नाहीत, आले की वेगळ्या खात्यात टाकायचे. एक लाखाचं बिल, वर १८ हजार जीएसटी, त्यातून क्लायंट १० हजार टीडीएस कापणार, म्हणजे हातात १ लाख ८ हजार, आणि त्यातले १८ परत सरकारचे. वर गंमत अशी की क्लायंटने पैसे दिले नसले तरी बिल फाडलंय म्हणजे पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचाच. सर्व्हिसला वर्षाचे २० लाख ओलांडले की हे सगळं गळ्यात. आणि आठवतंय का, माझं ४४एडीए, म्हणजे आयकराच्या तेव्हाच्या कायद्यातलं खर्चाचा हिशोब न देता ठरावीक टक्के नफा धरून कर भरायचं कलम, ऐकून तुम्ही किती हसला होतात, तुमच्या ४४एडीमधे उलाढालीच्या ८ टक्के नफा धरायचे, बँकेतून आले तर ६, आणि माझा डायरेक्ट ५० टक्के. "तुला तांब्याची वायर विकत घ्यावी लागत नाही ना, म्हणून," असं म्हणालात आणि तांब्याच्या भावावर घसरलात.

आता मुद्द्याचं. ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

मला पैसे मागायची लाज वाटायची. आमच्या घरात तीन पिढ्या नोकरीवाल्या, एक तारखेला पगार खात्यात येतो, तो मागावा लागत नाही, मागणं म्हणजे हात पसरणं अशीच समजूत. पहिलं मोठं बिल दोन महिने अडकलं तेव्हा मी मेल लिहीत बसले होते, जेंटल रिमाइंडर, तुम्ही बिझी असाल, त्रासाबद्दल माफी, असं सगळं. तुम्ही ते वाचलंत आणि विचारलंत की काम तू केलंस ना, मग माफी कसली मागतेस. मेल बाजूला ठेवायला लावलीत आणि म्हणालात फोन कर, आणि तो पण प्रोजेक्टवाल्याला नाही, अकाउंट्सला, कारण प्रोजेक्टवाल्याला वाटतं पैसे केव्हाच गेले. मी फोन केला, तुम्ही समोर बसून होल्डरला वायरी लावत होतात, मुद्दाम वर बघत नव्हतात. अकाउंट्समधल्या बाई एकदम साध्या निघाल्या, म्हणाल्या मॅडम तुमच्या बिलावर पीओ नंबर, म्हणजे आमच्या परचेस ऑर्डरचा नंबर, नाही म्हणून ते बाजूला पडलंय, टाकून पाठवा, शुक्रवारच्या लॉटमधे घेते. घेतलं पण! दोन महिने मी काय काय कल्पना करत बसले होते, काम आवडलं नसेल, माझ्याबद्दल कोणी काही बोललं असेल, आणि निघालं काय तर पीओ नंबर.

त्याच संध्याकाळी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करायला लावलंत, फुकट असतं, कुणाला पैसे देऊ नकोस असं दोनदा सांगून. आता बिलावर उद्यम नंबर असतो, खाली एक ओळ, सूक्ष्म-लघु उद्योगांचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत, २००६ च्या कायद्याप्रमाणे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. व्याज मी कुणाकडून घेतलेलं नाही, पण ती ओळ असली की अकाउंट्सवाले फोन उचलतात. त्यात २०२३-२४ पासून असं झालंय की आमच्यासारख्यांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमधे तर तेच फोन करतात, मॅडम काही बाकी आहे का.

दसऱ्याला तुमच्या गाळ्यात ड्रिल मशीन, मेगर, क्लॅम्प मीटरच्या रांगेत माझा लॅपटॉप ठेवायला लावलात आणि वहिनींनी थेट ट्रॅकपॅडवर हळदकुंकू वाहिलं, त्याची पिवळी छटा अजून आहे, क्लायंटच्या ऑफिसात कुणी विचारलं तर मी सांगते. वहिनींचे पण आभार, त्या अर्ध्या दुपारच्या चहापोह्यांचे वेगळे.

फी विचारली तर तुम्ही ओरडलात, म्हणून दुसरं काम केलंय. घोडबंदरच्या त्या बिल्डरकडे तुमची बिलं अडकलीत, तो गावाकडचा म्हणून तुम्ही बोलत नाही, हे वहिनींनी मला सांगितलंय, त्यांच्यावर चिडू नका. तारखेप्रमाणे सगळ्या बाकीचं स्टेटमेंट करून तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलंय. दोन बिलांवर वर्क ऑर्डरचा नंबर नाहीये, तो फाइलमधून शोधून ठेवा. रविवारी सकाळी मामलेदारला मिसळ खाऊ आणि तिथूनच त्यांच्या अकाउंट्सच्या माणसाचा नंबर कुणाकडून मिळतो ते बघू.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची डेटाबेसवाली