वेगळी कोठडी करून भागतंय का?

संपादक साहेब, स. न. वि. वि.

जेलमध्ये कट्टर विचारांचा प्रचार करणाऱ्यांना बाकीच्या कैद्यांपासून वेगळं ठेवा असं केंद्राने २०२३ मध्येच राज्यांना कळवलंय. ठेवाच, त्यात वाद नाही. बंगळूरच्या परप्पन अग्रहार जेलचं प्रकरण बघा, २०१७ मध्ये खुनाच्या केसमध्ये आत गेलेली पोरं लष्कर-ए-तोयबाच्या एका कैद्याच्या नादी लागली असं एनआयए ही केंद्राची तपास संस्था म्हणते, आणि त्याच प्रकरणात आत मोबाईल पोचवल्याच्या आरोपावरून २०२५ ला जेलचा मानसोपचार डॉक्टरच अटकेत. आता बोला!

पण नादी लागायला पोरगं आधी एकटं पडावं लागतं. आमच्या गल्लीतलं एक पोरगं मारामारीच्या केसमध्ये पाच महिने आत होतं, कुठल्या जेलला ते राहू दे. पहिल्या मुलाखतीला आई गेली तर जाळीपलीकडून नुसतं रडत होतं, साबण नाही, रात्री कूस बदलायला जागा नाही. तिसऱ्या मुलाखतीला बघितलं तर हसतंय! साबण मिळाला, कॅन्टीनची बिस्किटं मिळाली, वकिलाचं बघतो म्हणून शब्द पण मिळाला, सगळं बराकीतल्या एका भाईकडून. नशीब तो भाई नुसता गँगवाला होता, त्या जागी बॉम्बवाला असता तर त्याचं पण ऐकलंच असतं की पोरानं. साबण कोण देतंय ते बघतो माणूस, त्याची विचारसरणी कोण विचारत बसतंय.

आणि गंमत म्हणजे जामीन दुसऱ्याच महिन्यात झालेला, पण जामीनदार मिळेना. दुसऱ्याच्या पोरासाठी सातबारा घेऊन कोर्टात कोण उभं राहणार?

२०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशात १०० च्या जागेत १३१ कैदी आहेत आणि चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच नाही. एवढ्या गर्दीत वेगळं ठेवणार कुणाला आणि कुठं? आपल्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानने १९३९ ला काढलेली खुली वसाहत, तिथं शिक्षा झालेले कैदी बायकापोरांसोबत राहून शेती करतात, आणि मारामारीतलं हे पोरगं जामीन होऊन पण भाईच्या शेजारी अंथरूण टाकून.

गरीब कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैशाची मदत द्यायची केंद्राची योजना २०२३ पासून आहे, सुरुवातीला मर्यादा ४० हजाराची होती. गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाने एवढं करावं, मुलाखतीच्या गेटवर मोठ्या अक्षरात मराठीत बोर्ड लावावा आणि अर्ज भरून द्यायला एक माणूस बसवावा. मला ही योजना पेपरात वाचून कळली, त्याच्या आईला सांगायला गेलो तर पोरगं सुटून तीन आठवडे झालेले. घरात नव्हतं. भाईची तारीख होती म्हणून कोर्टात गेलं होतं.

– एक वाचक, खणभाग, सांगली