त्या रात्री पालकांनी जागायला हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे-जून आला की अमेरिकेतल्या हायस्कूलांमध्ये प्रॉम (शाळेची शेवटची मोठी नाचाची पार्टी) आणि ग्रॅज्युएशन (बारावी पूर्ण झाल्याचा समारंभ) यांची धांदल सुरू होते. इथे न्यू जर्सीत राहणाऱ्या आम्हा मराठी पालकांपैकी बहुतेकांनी स्वतः प्रॉम कधी अनुभवलेला नाही. कपडे, फोटो, लिमोझिन गाडीचे पैसे इथपर्यंत आपण हौसेने सगळे करतो. प्रॉम संपल्यावर मुले कुठे जातात, हे विचारायचे मात्र राहून जाते. इथले अनेक पालक इंटरनेटवर मराठी वृत्तपत्रे वाचतात, म्हणून हे पत्र तुमच्याकडे पाठवते आहे.

हॉलमधला प्रॉम शिक्षकांच्या देखरेखीखाली होतो. धोका सुरू होतो तो त्यानंतर. प्रॉमच्या पुढचे एक-दोन दिवस 'शोअर'वर, म्हणजे सीसाइड हाइट्ससारख्या किनाऱ्यावरच्या गावात, मोटेलमध्ये किंवा भाड्याच्या घरात घालवायची इथे जुनी रीत आहे. सतरा-अठरा वर्षांची मुले एका घरात, मोठे माणूस कोणी नाही, आणि कुणाच्या तरी थोरल्या भावाने आणून दिलेली दारू. आता त्यात व्हेप (इलेक्ट्रॉनिक सिगारेट) आणि गांजा घातलेल्या गमीज म्हणजे चघळायच्या गोळ्यांची भर पडली आहे. 2022 पासून इथे 21 वर्षांवरील लोकांना दुकानात गांजा मिळतो. 'आता तो कायदेशीर आहे' एवढेच मुलांच्या डोक्यात राहते, वयाची अट विसरली जाते. मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती मित्राच्या मित्राकडून घेतलेल्या गोळीची. अशा बनावट गोळ्यांत फेंटानिल हे अत्यंत तीव्र अमली औषध सापडते आणि एकच गोळी जीव घेऊ शकते.

यावर अमेरिकेतच एक चांगला उपाय निघाला आहे. ग्रॅज्युएशनच्या दिवसांत झालेल्या अपघातांत मुले गेली, तेव्हा मेन राज्यातल्या लोकांनी 1980 मध्ये ठरवले की नुसते 'पिऊ नका' म्हणून भागणार नाही, त्या रात्री मुलांना जायला दुसरी जागा हवी. त्यातून 'प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन' सुरू झाले आणि पुढे देशभर पसरले. न्यू जर्सीतल्या पुष्कळ हायस्कूलांत ते दरवर्षी होते. शाळेपेक्षा त्याचा भार पालकांवरच जास्त असतो.

बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी असते. समारंभ संपला की मुले टोप्या-गाऊन घरच्यांच्या हाती देऊन थेट बसमध्ये चढतात. बॅगा तपासल्या जातात. बस कुठे जाणार हे मुलांना शेवटपर्यंत सांगत नाहीत, आणि ते गुपितच त्यांना फार आवडते. पोहण्याचा तलाव आणि खेळाची मैदाने असलेले एखादे मोठे संकुल रात्रभरासाठी घेतलेले असते. डीजे, संमोहनाचे प्रयोग, खोट्या पैशांचा कॅसिनो, व्यंगचित्रकार, पहाटेपर्यंत संपत नाही इतके खाणे, आणि वसतिगृहात उपयोगी पडतील अशी बक्षिसे. मध्येच निघायचे असेल तर आधी आईवडिलांना फोन जातो, आणि एकदा बाहेर पडले की परत आत घेत नाहीत. पहाटे बस शाळेत येते तेव्हा न्यायला पालक उभे असतात, कारण रात्रभर जागलेल्या मुलाने गाडी चालवणेही धोक्याचेच. शिवाय नवशिक्या तरुण चालकांना मिळणाऱ्या प्रोबेशनरी लायसन्सवर रात्री 11 ते पहाटे 5 गाडी चालवायला इथल्या कायद्याने मनाईच आहे.

'एवढ्या मोठ्या मुलांना कोंडून ठेवायचे?' असे काही पालक विचारतात. ज्या मुलांना प्यायचे नसते त्यांच्याकडे एकदा पाहा, असे माझे त्यांना सांगणे आहे. अशी मुले आपल्याला वाटते त्याहून खूप जास्त आहेत. 'मॉनिटरिंग द फ्युचर' या राष्ट्रीय पाहणीत 1980 मध्ये बारावीच्या 70 टक्क्यांहून अधिक मुलांनी मागच्या महिनाभरात दारू घेतल्याचे सांगितले होते. आता ते प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली आले आहे. याचे श्रेय एकट्या प्रोजेक्ट ग्रॅज्युएशनचे नाही. 1984 च्या केंद्रीय कायद्याने सगळ्या राज्यांना दारूसाठी 21 ही वयोमर्यादा स्वीकारायला भाग पाडले, तेही एक कारण आहे. पण न पिणाऱ्या मुलालाही वर्गाबरोबर ती रात्र हवी असते, आणि दारूच्या पार्टीत त्याच्या वाट्याला एक तर आग्रह येतो, नाही तर बाकीच्यांना घरी पोचवण्याचे काम.

दुसरा युक्तिवाद मला आपल्याच लोकांत जास्त ऐकू येतो: 'बाहेर पिण्यापेक्षा आमच्या बेसमेंटमध्ये, आमच्या डोळ्यांसमोर प्यायलेली बरी.' हेतू चांगला असतो, पण हे चूक आहे. दुसऱ्याच्या अल्पवयीन मुलाला आपल्या घरात दारू पिऊ देणे हा न्यू जर्सीत गुन्हा आहे. आणि घरून मिळाली म्हणजे मुले जपून पितात, ही समजूतही खरी ठरलेली नाही. ऑस्ट्रेलियात 1900 हून अधिक मुलांचा सहा वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास 2018 मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आला. पालकांनी दारू पुरवल्याने मुलांचे रक्षण होते, असे त्यात कुठेही दिसले नाही. उलट, अशा मुलांना बाहेरूनही दारू मिळण्याची शक्यता वाढलेली आढळली.

आपल्या घरांत याच्या उलट टोकही असते. दारूचे नावच काढायचे नाही, आणि सापडलास तर याद राख. मग मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असे सांगून जाते, आणि रात्री दीड वाजता चालवणारा प्यायलेला आहे हे दिसत असूनही त्याच्याच गाडीत बसते, कारण बाबांना फोन करायची हिंमत होत नाही. 1981 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या 'सॅड' (SADD) या, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धच्या विद्यार्थी संघटनेने यासाठी मुले आणि पालक यांच्यात एक लेखी करार आणला. मुलाने कुठूनही, कितीही वाजता फोन करावा. पालकांनी न्यायला जावे आणि त्या रात्री ओरडू नये, बोलणे नंतर करावे. प्रत्येक मराठी घरात हा करार प्रॉमच्या आधी व्हावा असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रातल्या वाचकांनीही हा प्रश्न परका मानू नये. 19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या पोर्शे अपघाताआधी बारावीचा निकाल पबमध्ये साजरा झाला होता, असे तेव्हा बातम्यांत आले. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहे. ती अट मोडू देणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी. पण त्याबरोबरच निकालाच्या रात्री मुलांनी जायचे कुठे, याची सोय कुणी करायची? पुण्या-मुंबईतल्या महाविद्यालयांनी आणि सोसायट्यांनी हे अंगावर घ्यावे. मैदान आणि सभागृह दोन्ही त्यांच्याकडे असते.

आणि इथल्या आमच्या लोकांना एक विनंती. आपण प्रोजेक्ट ग्रॅज्युएशनला चेक देतो, पण रात्री राबणाऱ्यांच्या यादीत आपली नावे कमी असतात. गणपतीला आणि दिवाळीला मंडळाच्या स्वयंपाकघरात मध्यरात्रीपर्यंत उभे राहणारे आपणच आहोत, तेव्हा हे आपल्याला जड नाही. ज्या घरांना तिकीट परवडत नाही त्यांच्यासाठी मराठी मंडळांनी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढावी, म्हणजे पैशांअभावी एकही मूल त्या रात्री बाहेर राहणार नाही. स्वयंसेवकांची नोंदणी शाळांत बरीच आधी सुरू होते. संध्याकाळच्या वेळा लगेच भरतात, मध्यरात्रीनंतर थांबायला माणसे मिळत नाहीत. त्या वेळेसाठी नाव द्या.

आपली,
एक पालक
एडिसन, न्यू जर्सी