वस्तीची गाडी आणि तुझं घर

मालवण,
कार्तिक पौर्णिमा

प्रिय बाबल,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर "तुझं घर बांधतोय" म्हटलं आणि तू एकदम गप्प झालास. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. तुमचं कौलारू घर पाडून स्लॅबचं झालं त्याला सहा वर्षं झाली. ते मी पुन्हा उभं करतोय, छोटं मॉडेल म्हणून, १:४३ या मापात, म्हणजे खऱ्याच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढं. अंगणाबाहेर रात्रीच्या वस्तीची एसटी उभी आहे. हेच माप घेतलं, कारण दुकानात मिळणाऱ्या धातूच्या छोट्या गाड्या याच मापाच्या असतात आणि त्यांची चाकं कामाला येतात. अकरा मीटरची गाडी साडेपंचवीस सेंटिमीटरची होते. टेबलावर मावते, आणि तरी दाराची कडी दिसते.

घराच्या भिंतींपासून सुरुवात केली. आमच्या गडग्यातला, म्हणजे दगडी कुंपणातला, जांभ्या दगडाचा एक चिरा मोजला: चौदा इंच लांब, सात इंच उंच. मॉडेलमध्ये तो सव्वाआठ मिलिमीटरचा झाला. फोमबोर्डाचा वरचा कागद सोलला, पेन्सिलीने दाबून सांधे काढले आणि जुना तारेचा ब्रश हलक्या हाताने ठोकत गेलो. चिऱ्याची ती भोकं भोकं अशी त्वचा तशीच उमटली. मग गेरव्या, तपकिरी, पिवळसर अशा चार-पाच छटा चिऱ्याचिऱ्यावर वेगवेगळ्या लावल्या. भिंत एकाच रंगात रंगवली की विटांचं चित्र वाटतं. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत राहून कडक होतो आणि काळवंडतो. तुमच्या मागच्या भिंतीला गिलावा नव्हता, तिथे हे सगळं दाखवायला मिळालं.

छप्पराने मात्र माझे दोन महिने घेतले. मंगलोरी कौल ४१० बाय २३५ मिलिमीटरचं. आपल्या मापात साडेनऊ बाय साडेपाच. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात पहिला कारखाना काढला आणि ते कौल सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. तुमच्या पुढच्या पाख्यावर ती होती आणि मागच्या पडवीवर जुने नळे, आठवतं? जाड कार्डशीट कापून, रबरावर ठेवून, रिकाम्या बॉलपेनाने दाबून एकेका कौलाच्या पन्हळी काढल्या. हजाराच्या वर झाली. बायको म्हणाली, पट्ट्या कापून लाव, कुणाला कळणार आहे? पण शाकारणीला छप्परावर चढलेल्या माणसाला कळतं. दर वर्षी मे महिन्यात कौलं परतायची, फुटलेली बदलायची. त्यामुळे कोकणातल्या कुठल्याच छप्परावर सगळी कौलं एका वयाची नसतात. फणस पिकायला लागला की माकडं उतरायची आणि फणसाच्या फांदीखालचा पट्टा दर वर्षी फुटायचा. म्हणून त्याच बाजूला मी नवी लाल कौलं विखरून लावली, आणि बाकी पाखं काळं-हिरवं ठेवलं. नैऋत्येचा पाऊस ज्या बाजूला आपटतो तिथे शेवाळ दाट, उलट्या बाजूला कौलांचा मूळ रंग अजून शाबूत. एवढं केल्यावर छप्पराला दिशा आली. आता मॉडेल कसंही फिरवलं तरी समुद्र कुठे आहे ते सांगता येतं.

आणि पागोळ्या. पुढच्या बाजूला तुमच्याकडे पन्हळ कधी लावलीच नाही. पागोळ्या अंगणात पडून एका ओळीत खळगे व्हायचे आणि तांबडी चिखलाची शिंतोडी भिंतीवर दीड फूट वर चढायची. काकी दर दिवाळीला तिथे चुना मारायच्या आणि पुढच्या आषाढात पुन्हा तेच. मॉडेलमध्ये दीड फूट म्हणजे सेंटिमीटरभर. वरच्या भिंतीवर कार्ड आडवं धरून टूथब्रशने तांबडं पाणी उडवलं, खाली दाट, वर विरळ. रंग विकत घेतला नाही. तुमच्या परसातलीच माती आणली. पण माती नुसती चाळून भागत नाही. मलमलीतून गाळलेला कणसुद्धा या मापात खडा दिसतो. ती पाण्यात ढवळायची, जड कण मिनिटभर खाली बसू द्यायचे, वरचं गढूळ पाणी ओतून घ्यायचं आणि ते वाळवायचं. तळाला जी साय उरते ती खरी पूड. तिच्यात थोडी खडू-पावडर मिसळावी लागते. छोट्या वस्तूवर मूळ रंग जसाच्या तसा लावला तर जास्त गडद दिसतो, लांबून बघितलेल्या वस्तूसारखा थोडा फिका करावा लागतो.

दारं-खिडक्यांचं लाकूड आइस्क्रीमच्या काड्यांचं. उन्हापावसाने करडं पडलेलं लाकूड रंगाने जमत नाही, रंग वरवर बसतो. साध्या लोखंडी तारेचा घोसा व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवला, काड्यांना आधी कडक चहा पाजला आणि मग ते पाणी फिरवलं. चहातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली की लाकूड डोळ्यांदेखत करडं होत जातं. स्टेनलेस स्टीलचा घोसा मात्र चालत नाही.

आता गाडी. पहिली एसटी १ जून १९४८ला पुण्याहून नगरला गेली ती निळी-चंदेरी होती, पण आपल्या पिढीच्या डोळ्यांत एसटी म्हणजे लालच. तो लाल मिळाला आणि मी चूक केली. समुद्राकाठची गाडी, खारा वारा, म्हणून पत्र्यावर जिथे तिथे रंग उडवून खाली तांबूस गंज दाखवला. दिसायला इतका झकास दिसला की मी चार दिवस त्याच्याकडे बघत बसलो होतो. मग आमच्या शेजारचे निवृत्त मेकॅनिक काका आले. त्यांनी गाडी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अरे, ह्यां अॅल्युमिनियम आसा. हेका तांबडो गंज खंयसून येतलो?"

त्या एका वाक्याने माझं सगळं काम बदललं. त्या काळच्या गाड्यांची बॉडी अॅल्युमिनियमची. तिचा रंग उडाला की खाली मळकट चंदेरी दिसतं, खाऱ्या हवेने पांढरी भुकटी धरते. तांबडा गंज फक्त लोखंडाला: बंपर, चाकांच्या रिमा, मागच्या शिडीचे बोल्ट, पायरीखालचा सांगाडा. काकांनी मला एक जागा खास दाखवली. अॅल्युमिनियमच्या पत्र्यात लोखंडी स्क्रू असतो तिथे स्क्रूभोवतीचा पत्रा आधी खातो. तो पांढरा डाग मी सुईच्या टोकाने काढला, एकूण अकरा ठिकाणी.

सगळा रंग खरवडून पुन्हा केला. आधी चंदेरी, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर लाल अॅक्रिलिक. रंग वाळल्यावर ओल्या ब्रशने घासलं की खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि लाल पापुद्रे सुटतात. घासायचं तिथेच, जिथे खरंच हात लागतो: दाराच्या दांड्याशी, डिकीच्या कडेला, ड्रायव्हरच्या दाराखाली. बंपरला मात्र मिठाचा उपाय केला. गंजाचा रंग, त्यावर ओलं मीठ, त्यावर वरचा रंग, आणि वाळल्यावर मीठ झटकून टाकायचं. मीठ शिरोड्याच्या मिठागरातलं, १९३०चा सत्याग्रह झाला तिथलंच. ते जाडं असतं. एक मिलिमीटरचा खडा म्हणजे खऱ्या गाडीवर दोन बोटांहून थोरला डाग पडेल, म्हणून खलबत्त्यात कुटून घेतलं. टप उन्हाने गुलाबट केला. काचेवर वायपरची कमान. मागच्या चाकांमागे चिखल. खिडक्यांखाली घाटातल्या वळणांचे ओघळही आहेत, ते गाळले असते तर आपली गाडी झाली नसती.

एक नुकसान सांगतो. श्रावणात घाई करून छप्परावर मॅट वार्निशचा स्प्रे मारला. सकाळी उठून बघतो तर अख्खं पाखं बुरशी आल्यासारखं पांढरं. स्प्रेतलं द्रावण भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल वार्निशातच अडकते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवा कशी असते ते तुला सांगायला नको. अर्धं पाखं उखडून परत लावलं, त्या दिवसांत जेवणावरही मन लागत नव्हतं. आता वार्निश दसऱ्यानंतर, कोरड्या दुपारीच.

तुला आठवत असेल, लहानपणी सावंतवाडीहून आणलेली पांगाऱ्याच्या लाकडाची बैलगाडी तू ओटीवर फिरवायचास. तिचा लाखेचा रंग कायम चकचकीत राहायचा आणि तू तिला मुद्दाम चिखलातून न्यायचास, "खऱ्यासारखी दिसूक व्हयी" म्हणून. मी हे सगळं करताना तेच आठवत होतो.

आता तुझ्याकडून एवढंच हवंय. तात्यांनी चुलीच्या धुराने अंधार होतो म्हणून एक काचेचं कौल बसवलं होतं. ते स्वयंपाकघरावर होतं की माजघरावर? मला दुपारी जमिनीवर पडलेला उजेडाचा तुकडा आठवतो, त्यात काकी तांदूळ निवडत बसलेल्या, पण खोली आठवत नाही. फोटोत छप्पराची ती बाजू आलेलीच नाही. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक घेऊन कौल तयार करून ठेवलंय, आणि दोन्हीकडे एकेका कौलाची जागा मोकळी सोडलीय. काकींना विचारून पत्राने कळव, म्हणजे दुसरी बुजवून टाकतो.

काकींना नमस्कार सांग. शिमग्याला येशील तेव्हा गाडीत कंडक्टरची घंटेची दोरी बसवायची ठेवलीय, ती तुझ्याच हाताने बांधू.

तुझा,
भाऊ