आजीला सांग, अंडं रिकामं आहे

ड्रेस्डेन, 6 एप्रिल 2026

प्रिय आई,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "ख्रिसमस कसा ठरल्या दिवशी येतो, मग या ईस्टरचंच असं फिरतं का?" मी तेव्हा रिकाम्या फ्रीजपुढे उभी होते, नीट बोलले नाही. शुक्रवार, रविवार आणि आज सोमवार, तिन्ही दिवस दुकानं बंद. शनिवारी उघडी होती, पण मी बाउत्सेनला गेले होते. दूध नाही, त्यामुळे तीन दिवस कोऱ्या चहावर आहे.

तर उत्तर असं की ईस्टर तिथीवर चालतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. कालनिर्णय काढून बघ. गुरुवारी हनुमान जयंती झाली ना? पुढचा रविवार म्हणजे काल. 2024 साली तो 31 मार्चला होता, होळीनंतरच्या रविवारी. यातली पौर्णिमा आली ज्यूंच्या वल्हांडण सणातून. आपल्या पुण्याच्या कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जाणारी मंडळी पाळतात तोच सण. येशूला क्रुसावर चढवलं ते त्याच दिवसांत, आणि रविवारी पहाटे बायका कबरीपाशी गेल्या तर कबर रिकामी, येशू पुन्हा उठलेला. त्याचाच हा सण. म्हणून पौर्णिमाही हवी आणि रविवारही. यावरून बरीच वर्षं भांडणं झाली. अखेर 325 साली निकेयाच्या धर्मसभेनं सगळ्यांनी एकाच रविवारी सण करायचा असं ठरवलं. तरी एक झालाच नाही! माझ्या ऑफिसातल्या ग्रीक मुलाचं चर्च यासाठी जुनं कॅलेंडर धरतं, त्याचा ईस्टर येत्या 12 तारखेला. स्मार्त आणि भागवत एकादशी, दुसरं काय.

बाबांचा प्रश्न अंड्याचा, ईस्टरला अंडीच का? ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवासाचे. पूर्वी त्यात मांस, दूध, लोणी, अंडी सगळंच वर्ज्य असायचं. पण कोंबड्यांना उपवास कोण सांगणार? अंडी साठत जायची, मग ती उकडून, रंगवून सणाला वाटायची. कवच म्हणजे कबर, ते फोडून जीव बाहेर येतो, असा अर्थही लावतात. अंडी सशानं आणली हे मुलांना सांगायची पद्धत इथलीच. 1682 साली फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ नावाच्या जर्मन डॉक्टरनं ती लिहून ठेवलीय, आणि डॉक्टरच तो, फार अंडी खाल्ली की काय त्रास होतो हेही. ससा ईस्ट्रे नावाच्या जुन्या देवीचा, असं जो तो ठोकून देतो. त्या देवीचा उल्लेख आठव्या शतकातल्या बीड (हो, आपल्याकडच्या बीड जिल्ह्याचंच नाव!) नावाच्या एका इंग्रज साधूनं ओझरता केलाय, तेवढाच. त्यात ससा कुठेच नाही.

बाउत्सेनला घरमालकीणबाई घेऊन गेल्या. तिथे सोर्ब लोक राहतात. त्यांची भाषा वेगळी, रस्त्यांच्या पाट्याही दोन भाषांत. एक आजीबाई मेणबत्तीवर वाकवलेला चमचा धरून बसल्या होत्या, त्यात मेण वितळलेलं. हंसाच्या पिसाचं टोक त्रिकोणी कापलेलं. ते मेणात बुडवायचं, अंड्यावर टेकवायचं आणि लगेच उचलायचं. अशी त्रिकोणांची रांग म्हणजे लांडग्याचे दात, वाईटापासून राखण करणारे. ठिपक्यांना टाचणीचं डोकं. मग अंडं पिवळ्या रंगात, पुन्हा मेण, मग लाल रंगात. शेवटी ज्योतीजवळ धरून फडक्यानं पुसलं की मेण निघतं आणि खालचे सगळे रंग एकदम दिसतात. मला तुझी ठिपक्यांची रांगोळी आठवली. माझा हात थरथरला आणि एका दाताचा नुसता ठिपका झाला. आजीबाई म्हणाल्या, "म्हातारा लांडगा, दात पडलेला."

रात्री गावाबाहेर लाकडांचा मोठा ढीग पेटवला. अगदी होळी गं, पण बोंब कुणी मारेना. सगळे हातात बिअर घेऊन शांत उभे. मला राहवत नव्हतं. पूर्वी ईस्टरच्या पहाटे मुली ओढ्याचं पाणी आणायच्या, वाटेत एक शब्दही न बोलता. बोललं की पाण्याचा गुण गेला. आपल्या घरात कुणालाच जमलं नसतं. काल सकाळी सोर्ब पुरुष काळा कोट, उंच टोपी घालून घोड्यांवरून भजनं म्हणत गेले. मी बघतच राहिले.

तुला आठवतं, बाबांनी कॅम्पातल्या बेकरीतून मार्झिपानचं अंडं आणलं होतं, गुलाबी, वर साखरेची फुलं? "काजू-साखरेचं आहे, आजी" असं सांगून मी थकले, पण आजीनं ते उंबऱ्याच्या आत घेऊ दिलं नाही. मी आणि दादानं जिन्यात बसून संपवलं.

या वेळी खरं पाठवतेय, माझ्या हातचं, बोळक्या लांडग्याचं. दोन्ही टोकांना भोकं पाडून आतलं फुंकून काढलंय आणि तीनदा धुतलंय. मोज्यात गुंडाळून डब्यात ठेवलंय, जपून उघड. आजीनं ते गॅलरीत जरी ठेवू दिलं तरी पुष्कळ झालं.

दादा इकडे येईल तेव्हा त्याच्याबरोबर मेतकूट दे. आणि पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आलं की एक माझ्यासाठी ठेव.

तुझी,
मनू