बाबा, सवय लागत नाही

सेंट पॉल, मिनेसोटा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "पाखरांना आयतं घालून ऐतखाऊ करून ठेवलंयस. तू इकडे आलास की उपाशी मरतील." फोनवर तुमच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, म्हणून लिहून पाठवतोय. आई, तूच मोठ्याने वाच, नाहीतर चष्मा सापडत नाही म्हणतील.

इथे सध्या पहाटे उणे २५. मागच्या अंगणात मेपलला दाण्यांच्या नळ्या टांगल्यात. उजाडलं की पहिली हजर होते ती चिकडी. काळी टोपी, काळा गळा, गाल पांढरे. वजन जेमतेम ११ ग्रॅम, म्हणजे आपल्या चिमणीच्या निम्मंही नाही. सूर्यफुलाचा एकच दाणा उचलते आणि पळते. फांदीवर पायांत धरून चोचीने फोडते, नाहीतर सालीच्या फटीत लपवते. असे शेकडो दाणे, प्रत्येकाची जागा वेगळी, आणि ती आठवडे उलटले तरी लक्षात. (चष्मा, बाबा!) रात्री अंगातली चरबी पुरवून वापरायची म्हणून शरीराचं तापमानच १०-१२ अंशांनी उतरवते आणि सकाळी पुन्हा ताजीतवानी.

आई, गोल्डफिंचसाठी बारीक भोकांची वेगळी नळी आहे. उन्हाळ्यात हळदीसारखे पिवळेधमक असतात, आता अगदी मळकट. त्यांना काय घालतो माहीत आहे? कारळे! भारतातून, इथिओपियातून येतात. सोबत आलेलं तण इथे रुजू नये म्हणून चांगले तापवल्याशिवाय देशात घेत नाहीत. चटणीची निम्मी तयारी झालेलीच. सुतार पक्ष्यांसाठी जाळीत एक वडी टांगतो, ती गाईच्या चरबीची असते. हे आत्याला सांगू नकोस.

आता ऐतखाऊपणाचं. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात संशोधकांनी चिकड्यांवर नेमकं हेच तपासलं. १९८८ साली छापून आलं की दाणे मिळणाऱ्यांतल्या ६९ टक्के हिवाळ्यातून तरल्या, न मिळणाऱ्यांतल्या ३७ टक्के. फरक पडला तो मुख्यतः कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांत, एरवी फारसा नाही. मग त्यांनी उलटं करून पाहिलं. जिथे २५ वर्षं दाणे घातले जात होते, तिथले काढून घेतले. त्या हिवाळ्यात तिथल्या चिकड्या कधीच दाणे न मिळालेल्यांइतक्याच जगल्या. आयतं मिळत होतं तेव्हाही त्या रानात शोधून खातच होत्या, ते काही विसरल्या नव्हत्या. त्यामुळे मी फेब्रुवारीत निघताना नळ्या रिकाम्या सोडून येणार आहे, बिनघोर.

बाबा, "सवय लागेल" हे तुम्ही पोळ्यांच्या बाईंबद्दलही म्हणता. आईच्या मनगटाचं दुखणं थंडीत वाढतं, हे ती मला सांगत नाही, ताईला सांगते. दोन महिने बाईंना येऊ द्या. उन्हाळ्यात मनगट बरं झालं की आई लाटेल, पोळी कशी लाटायची हे ती विसरणार नाही. पैसे मी देतो असं म्हणत नाही, तुम्ही चिडाल. तुम्हीच द्या. पोळ्या जाड निघाल्या तर मी आल्यावर आपण दोघं मिळून तक्रार करू, तोवर गप्प खायच्या.

येताना काय आणू ते कळवा. बदाम नको म्हणालात तरी चालेल, मागच्या वेळचे अजून स्टीलच्या डब्यात पडून आहेत, ताईने तेही सांगितलंय.

तुमचा,
धाकटा