यादीत तारीख टाकायला जागा नव्हती का?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतली 'राज्यातली न चुकवावीत अशी दहा प्रदर्शनं' ही यादी वाचली. राज्य म्हणजे कुलाबा ते फोर्ट, हे ज्ञान नव्याने झालं. दहातली आठ तिथलीच, एक वांद्र्याचं, एक पुण्याचं. बाकीच्या महाराष्ट्रात बहुधा भिंतींना खिळे ठोकत नाहीत.

ते असो. दहापैकी सहा प्रदर्शनं कधी संपतात ते छापलेलंच नाही, हे जास्त गंभीर. मागच्या महिन्यातही हेच झालं होतं आणि तो भुर्दंड मी भरलेला आहे.

माझे थोरले दीर साताऱ्याहून आले होते. वय 78, सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना त्यांनी किती पोरं बसवली याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. तुमच्या पुरवणीत जलरंगातल्या निसर्गचित्रांचं एक प्रदर्शन 'अवश्य पाहा' म्हणून होतं. भाऊजींनी स्वतः कात्रीने कात्रण कापलं, घडी करून खिशात ठेवलं. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, गर्दी ओसरल्यावर मुलुंडहून निघालो. सीएसएमटीला उतरून टॅक्सी केली. दालनात पोचलो तर एक मुलगा स्टुलावर चढून खिळ्यांची भोकं लांबीने बुजवत होता. चित्रं खाली, बबल रॅपमध्ये गुंडाळून सुतळीने बांधलेली. ज्या दिवशी तुम्ही 'अवश्य पाहा' छापलंत, तोच शेवटचा दिवस होता!

चित्रकार भला माणूस. भाऊजींच्या हातातलं कात्रण बघून तो ओशाळला, जणू चूक त्याचीच. एका चित्राची चिकटपट्टी सोडवून ते त्याने खिडकीशी धरलं. वाईचा घाट, पावसाळ्यातला. शेजारी लाल टिकली, म्हणजे विकलं गेलेलं. भाऊजींनी दुसरा चष्मा काढला आणि पाचेक मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "पायऱ्यांना पांढरा लावलेला नाही, कागदच कोरा सोडलाय." चित्रकार एकदम खुलला. दोघं कागदाच्या जाडीवर बोलत बसले आणि मी टॅक्सीचे पैसे वसूल झाले असं मनाला समजावत राहिले.

एवढ्या लांब आलोच होतो म्हणून एनजीएमएकडे (राष्ट्रीय आधुनिक कला दालनाकडे) वळलो, तर सोमवारची सुट्टी. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडं असतं आणि ते रस्त्यापलीकडेच होतं, पण तोवर भाऊजींचे गुडघे बोलायला लागले होते. ही सगळी माहिती दोन ओळींत बसते. त्या दोन ओळी तुमच्याकडे नाहीत, 'दृश्यानुभवाचा उत्कट आविष्कार' मात्र प्रत्येक प्रदर्शनाला आहे. जहांगीर कलादालनात एका चित्रकाराला जेमतेम आठवडा मिळतो, तोही वर्षानुवर्षं थांबून. त्याचं नाव तुम्ही शेवटच्या दिवशी छापणार असाल, तर छापू तरी कशाला?

परतीच्या गाडीत भाऊजी म्हणाले, "आमच्या औंधला या. तिथली चित्रं पळून जात नाहीत." सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या, यमाईच्या डोंगरावरच्या संग्रहालयात ते मुलांना एसटीने घेऊन जायचे. राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' आहे तिथे. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं मायलेकरांचं शिल्प आहे, खटाव तालुक्यात! औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली उभारलेली ही वास्तू तुमच्या एकाही यादीत मी आजवर पाहिलेली नाही. उद्घाटनाला चहा-सामोसे नसतात म्हणून की काय, कोण जाणे.

जाता जाता आणखी एक. यादीच्या मधोमध एक सुंदर चित्र छापलंत, त्याबद्दल आभार. पण खाली चित्रकाराचं नाव नाही. 'सौजन्य : इंटरनेट' एवढंच. ते पान मी भाऊजींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. रात्री त्यांचा फोन आला, "हा इंटरनेट कुठला? जे. जे. कला महाविद्यालयाचा, की पुण्याच्या 'अभिनव'चा?"

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
मुलुंड (पूर्व), मुंबई