चार्जरजवळ ठेवायचं पत्र

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे मुद्दाम कागदावर लिहिते आहे. फोनवर पाठवलं असतं तर दुपारपर्यंत शुभ सकाळच्या फुलांखाली गेलं असतं. चार्जरजवळ ठेवा, लागेल तेव्हा हाताशी येईल.

बाबा, फोन भरला म्हणून नवा घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडा आणि 'मीडिया ऑटो-डाउनलोड'खाली मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग या तिन्हींतल्या खुणा काढा. मग ज्या फोटोवर बोट ठेवाल तोच उतरेल. तिथेच 'मॅनेज स्टोरेज'मध्ये ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या दिसतात. आधी त्यातले व्हिडिओ काढा, घरचे फोटो मात्र बघून ठेवा.

आता उजनी धरणाचं. पंढरपूरचा पूल पाण्याखाली गेल्याचा व्हिडिओ किंवा 'उजनी मायनसमध्ये, उद्यापासून पाणी बंद' असा निरोप आला की आपल्या कॉलनीत टाक्या भरायची घाई होते. असे निरोप खोटेच असतात असं नाही, बरेचदा ते खरे पण जुने असतात. मायनस म्हणजे धरण कोरडं पडलं असंही नव्हे. उपयुक्त साठा संपला आणि तळाच्या मृत साठ्यातलं पाणी वापरात आलं, एवढाच त्याचा अर्थ, आणि हे कितीतरी उन्हाळ्यांत झालंय. म्हणून आधी तारीख शोधा. तारीख नसेल आणि वर दोन बाणांची खूण असेल, तर तो निरोप निदान पाच जणांच्या हातून फिरून आलेला असतो. मूळ कोणी लिहिलं हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तो आपल्यापाशीच थांबू द्या. औषधांच्या निरोपांचंही तेच. आई, तुझी बीपीची गोळी फक्त डॉक्टरांच्या सांगण्यावरून बदलायची.

लग्नसराईत जास्त जपा. पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ म्हणून येते. फाइलच्या नावाशेवटी ए, पी, के ही तीन इंग्रजी अक्षरं असतील तर ती पत्रिका नाही, अ‍ॅप आहे. ते बसवलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराला दिसतो. ओळखीच्या नंबरावरून आली तरी उघडू नका, कारण त्या माणसाचाच फोन आधी फसलेला असू शकतो. आधी त्यांना फोन लावून विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपचा ६ आकडी कोड कोणालाही सांगायचा नाही, आत्याचं नाव घेऊन मागितला तरी नाही. शिवाय सेटिंग्ज, अकाउंट, 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' इथे ६ आकडी पिन लावा. जन्मतारीख नको. पिन डायरीत लिहून ठेवा, कारण व्हॉट्सअ‍ॅप तो अधूनमधून विचारतं आणि विसरला तर अडचण होते. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश दाखवून 'डिजिटल अटक केली' म्हणणारा चोरच असतो, कायद्यात अशी अटक नाही. फोन बंद करा.

आणि तरीही चूक झालीच तर लपवू नका. घरात कोणीही रागावणार नाही, हे मी मनापासून लिहिते आहे. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला फोन, मग बँकेला, मग मला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात भराभर फिरवले जातात. लगेच कळवलं तर मधे अडवता येण्याची शक्यता असते, संध्याकाळपर्यंत विचार करत बसलं की ती कमी होते.

शेवटचं, आणि मला सगळ्यात हवं असलेलं. फुलांच्या चित्राऐवजी तुमचा आवाज पाठवा. माइकचं बटण दाबून बोट वर कुलपापर्यंत सरकवा, मग सोडा. आता हात मोकळा ठेवून बोलता येतं. झालं की बाणावर टेकवा. बोट लवकर उचललं तर अर्धंच वाक्य जातं, डावीकडे सरकलं तर पुसलं जातं.

आई, पहिली शेंगाचटणी सांग. पावशेर दाण्यांना लसूण किती, तिखट केव्हा घालायचं, आणि उखळात तेल सुटायला लागलं की आणखी किती कुटायचं. मी ऐकत ऐकत करीन.

तुमची,
लेक